'कन्सर्न्ड मॅनेजर' लिहिलं आणि लंडनचा क्लायंट घाबरला, नेमकं चुकलं काय?

प्रश्न ज्यांनी विचारलाय त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. ते अंधेरीला एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत (म्हणजे लोकांचा माल देशाबाहेर पोचवायची व्यवस्था करणाऱ्या) कस्टमर सर्व्हिसला आहेत. लंडनच्या एका क्लायंटचा कंटेनर शिपिंग बिलातल्या (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदातल्या) दुरुस्तीपायी न्हावा शेवा बंदरात थांबला होता. यांनी मेल टाकला, 'आय हॅव इन्फॉर्म्ड द कन्सर्न्ड मॅनेजर अँड ही विल रिव्हर्ट शॉर्टली', आणि तिकडून लगेच उलटा मेल, की तुमच्या मॅनेजरला कसली काळजी लागून राहिलीय, आम्हाला सांगितलं नाही असं काही आहे का? बॉस म्हणतो तू बरोबर लिहिलंस, आपल्याकडे सगळे असंच लिहितात. शेजारच्या टेबलवरची कलीग म्हणते 'मॅनेजर कन्सर्न्ड' हवं होतं, शाळेत शिकवलंय. आता दोघांपैकी कुणाचं ऐकायचं आणि हा शब्दच टाकून द्यायचा का, असा प्रश्न.

मी इथल्या ऑफिसांमध्ये बिझनेस रायटिंगचं ट्रेनिंग देते, त्याआधी बरीच वर्षं फोर्टला एका सॉलिसिटर फर्ममध्ये ड्राफ्ट तपासायचं काम केलंय, त्यामुळे हा शब्द दोन्ही बाजूंनी भरपूर पाहिलाय. तर पहिलं म्हणजे तुमचा बॉस आणि कलीग दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरीही मेल चुकला, कारण खरा प्रश्न बरोबर-चूकचा नाहीच आहे. तो मेल वाचणारा माणूस कोण आहे आणि 'कन्सर्न्ड' हे कुठल्या नावाला चिकटलंय, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी साधा नियम सांगते, मग त्याला पाय कुठे फुटतात ते बघू. ब्रिटन-अमेरिकेच्या इंग्रजीत 'कन्सर्न्ड' नावाच्या आधी आला की अर्थ होतो काळजीत पडलेला. 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे ज्यांना पोरांची चिंता लागलीय असे आईबाप. नावाच्या नंतर आला की अर्थ होतो संबंधित, म्हणजे 'द पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हणजे या प्रकरणात जे पालक येतात ते, मग त्यांना काळजी असो नसो. अमेरिकेत 'युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स' नावाची संस्था आहे, १९६९ साली एमआयटीतल्या लोकांनी सुरू केलेली. तिच्या नावाचा अर्थ 'संबंधित शास्त्रज्ञांची संघटना' असा लावला तर गंमतच होईल, कशाशी संबंधित? विज्ञानाचा वापर कशासाठी होतोय याची ज्यांना काळजी वाटते असे शास्त्रज्ञ, हे त्यात म्हणायचंय. तर लंडनच्या त्या माणसाने तुमचा 'कन्सर्न्ड मॅनेजर' याच चालीवर वाचला, त्याचं काही चुकलं नाही.

आता आपण सगळे हे उलटं का लिहितो, तर आपण 'संबंधित अधिकारी' वाचत मोठे झालोय. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'संबंधितांनी नोंद घ्यावी', सरकारी पत्रात 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा', सगळीकडे तो शब्द आधी. मग इंग्रजी करताना तो त्याच जागी जाऊन बसतो, त्यात कुणाचा आळस वगैरे नाही, मराठीत विशेषण आधीच येतं. हिंदीत तेच, गुजरातीत तेच, त्यामुळे अख्ख्या देशाची एकच सवय झाली आणि ती इतकी पक्की झाली की कायद्यातही गेली. माहिती अधिकार कायदा, २००५ उघडा, कलम ६ मध्ये अर्ज कुणाकडे करायचा तिथे इंग्रजी मजकुरात 'कन्सर्न्ड पब्लिक ऑथॉरिटी' असंच छापलंय. आता संसदेने पास केलेल्या कायद्यात जे आहे त्याला चूक म्हणायची माझी तरी टाप नाही. म्हणून तुमचा बॉस जे म्हणतो ते भारतापुरतं खरं आहे. पुण्याच्या व्हेंडरला, दिल्लीच्या ऑफिसला, मंत्रालयात द्यायच्या पत्रात 'कन्सर्न्ड ऑफिसर' लिहिलंत तर कुणी भुवई उचलणार नाही, आणि मी असे ड्राफ्ट तपासताना तिथे लाल पेन चालवत पण नाही.

पण परीक्षा देत असाल तर गोष्ट वेगळी. बँकेच्या किंवा एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) तयारीच्या गाईडांत 'स्पॉट द एरर' मध्ये 'द कन्सर्न्ड ऑथॉरिटीज' हे ठरलेलं गिऱ्हाईक आहे आणि तिथे उत्तर 'द ऑथॉरिटीज कन्सर्न्ड' हेच असतं. तुमची कलीग तिथूनच आली असणार. तिथे वाद घालू नका, मार्क घ्या आणि पुढे व्हा.

नंतर का येतं हे एकदा डोक्यात बसलं तर पाठ करावं लागत नाही. 'द मॅनेजर कन्सर्न्ड' हे खरं तर एका लांब वाक्याचं शेपूट आहे, 'द मॅनेजर हू इज कन्सर्न्ड इन धिस मॅटर', त्यातलं मधलं आणि शेवटचं गळून गेलं आणि एकटा 'कन्सर्न्ड' मागे उरला. तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर तुमचंच इन्व्हॉइस काढून बघा. त्यावर 'अमाउंट पेएबल' आहे की 'पेएबल अमाउंट'? 'बॅलन्स ड्यू' आहे ना? 'द डॉक्युमेंट्स रिक्वायर्ड', 'द स्पेस अव्हेलेबल', हे सगळं तुम्ही रोज टाइप करता आणि सगळीकडे विशेषण मागेच आहे. त्या क्षणापुरती, त्या व्यवहारापुरती जी गोष्ट लागू आहे ती इंग्रजीत बऱ्याचदा अशी मागे जाऊन बसते. जी त्या माणसाची किंवा वस्तूची स्वतःची अवस्था किंवा स्वभाव आहे ती पुढे येते. काळजीत असणं ही माणसाची स्वतःची अवस्था झाली म्हणून ती पुढे. या एका कंटेनरच्या भानगडीपुरता संबंध असणं हे तात्पुरतं, म्हणून ते मागे. हा काही लोखंडी नियम नाही, अपवाद निघतील, पण शंभरातल्या बहुतेक जागी गाडी चालते.

आणि हा एकटा 'कन्सर्न्ड' नाही, त्याची भावंडं आहेत. हाउसिंग सोसायटीच्या एजीएमचे मिनिट्स लिहिणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये हजर असलेले. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्या जे सोसायटीचे मेंबर आहेत ते सगळे, मग ते मीटिंगला आले असोत की गावाला गेले असोत. ठराव 'द प्रेझेंट मेंबर्स' ने एकमताने पास केला असं लिहून ठेवलंत तर उद्या रिडेव्हलपमेंटच्या भांडणात समोरचा वकील त्या दोन शब्दांवर तासभर खेळेल, आणि मी सॉलिसिटरकडे काम केल्यामुळे सांगते, तो खरंच खेळतो. तसंच 'रिस्पॉन्सिबल'चं. 'अ रिस्पॉन्सिबल सुपरवायझर' ही शाबासकी आहे, जबाबदारीने वागणारा माणूस. 'द सुपरवायझर रिस्पॉन्सिबल' म्हणजे ज्याच्या माथी हे काम आहे तो, किंवा ज्याच्यामुळे घोळ झाला तो. 'ॲन इन्व्हॉल्व्ड प्रोसेस' म्हणजे किचकट प्रोसेस, आणि 'द पीपल इन्व्हॉल्व्ड' म्हणजे त्यात गुंतलेली माणसं. 'प्रॉपर' तर आपल्या अगदी घरचं, आपण म्हणतो 'मी प्रॉपर मुंबईचा', आणि इंग्रजीत मात्र 'मुंबई प्रॉपर' म्हणायचं, म्हणजे ठाणे-डोंबिवली सोडून खुद्द शहर. (डोंबिवलीकरांनी रागावू नये, मी स्वतः कल्याणची आहे.)

आता मघाशी म्हटलं की 'कन्सर्न्ड' कुठल्या नावाला चिकटलंय त्यावर अवलंबून, हे पुस्तकांत फारसं सापडत नाही पण कामात सगळ्यात उपयोगी पडतं. गैरसमज व्हायला पुढचं नाव काळजी करू शकणारं असावं लागतं. 'द कन्सर्न्ड फाइल' असं लिहिलंत तर लंडनवाल्याला ते कानाला खटकेल, पण फाइल काळजी करत बसलीय असं त्याला वाटणार नाही, तो अर्थ ओळखून पुढे जाईल. 'कन्सर्न्ड डिपार्टमेंट' हे मधलं, बरेचसे समजून घेतील. पण मॅनेजर, टीम, डॉक्टर, टीचर, पेरेंट, रेसिडेंट असं माणसाचं नाव आलं की फसगत पक्की, कारण तिथे दोन्ही अर्थ बसतात आणि वाचणारा त्याच्या सवयीचा अर्थ उचलतो. त्यातून त्याचा माल आधीच अडकलाय, म्हणजे तो वाईट बातमीची वाटच बघतोय. तुम्हाला सापडलेला हा सगळ्यात वाईट नमुना होता, माणसाचं नाव, परदेशी वाचक आणि विषय काळजीचाच.

शंका आली तर एक सोपी टेस्ट आहे, 'कन्सर्न्ड'च्या आधी 'व्हेरी' घालून बघा. 'द व्हेरी कन्सर्न्ड मॅनेजर'. तुम्हाला म्हणायचा अर्थ मोडला ना? मग तो शब्द तिथे पुढे नकोय. 'व्हेरी कन्सर्न्ड पेरेंट्स' चालतं, कारण काळजी कमी-जास्त होऊ शकते. संबंध कमी-जास्त होत नाही, तो असतो किंवा नसतो.

पुढच्या प्रीपोझिशनचं पण बोलून घेते कारण तिथे अजून लोक पडतात. 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे काळजी. 'कन्सर्न्ड फॉर' पण काळजीच, पण कुणाच्या तरी भल्याची, 'कन्सर्न्ड फॉर हर सेफ्टी' अशी. 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे संबंध किंवा विषय, 'धिस रिपोर्ट इज कन्सर्न्ड विथ डिमरेज' म्हणजे रिपोर्ट डिमरेजवर (माल बंदरात जास्त दिवस पडला की लागणाऱ्या आकारावर) आहे, रिपोर्टला घाम फुटलेला नाही. आता बघा, 'आय ॲम नॉट कन्सर्न्ड विथ धिस शिपमेंट' म्हणजे हे शिपमेंट माझ्याकडे नाही. 'आय ॲम नॉट कन्सर्न्ड अबाउट धिस शिपमेंट' म्हणजे मला त्याची चिंता नाही. आणि ज्याचा माल बंदरात पडलाय त्याला दुसरं वाक्य गेलं तर त्याला ते 'मला काय पडलीय' असं ऐकू येणार. फोनवर तर आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'सर आय ॲम नॉट द कन्सर्न्ड पर्सन', पलीकडे परदेशी माणूस असेल तर त्याला वाटतं हा किती बिनधास्त माणूस आहे. खरं तर 'कन्सर्न्ड विथ'वालं पहिलं वाक्य बरोबर असूनही मी क्लायंटला लिहू देत नाही, ते हात झटकल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा शिपमेंट कोण बघतंय तेच लिहावं.

'ॲज फार ॲज डॉक्युमेंटेशन इज कन्सर्न्ड' हे वाक्य बिनधोक आहे, फक्त त्यातला 'इज' खाऊ नका. 'ॲज फार ॲज डॉक्युमेंटेशन कन्सर्न' असं मी इतक्या मेलमध्ये बघते की कधीकधी मलाच शंका येते.

त्यावरून आठवलं, 'ईडी' गायब होणं हा मुंबईचा खास रोग. 'प्लीज कॉन्टॅक्ट कन्सर्न पर्सन', 'युवर कन्सर्न विल कॉल यू', व्हॉट्सॲपवर तर हेच. माझ्या मते हे कानामुळे होतं. 'कन्सर्न्ड पर्सन' भराभर म्हणून बघा, 'न' आणि 'प'च्या मध्ये 'ड' चिरडून जातो, ऐकणाऱ्याला 'कन्सर्न पर्सन' ऐकू येतं आणि तो तसंच लिहितो. हे मात्र भारतातही चूकच आहे, इथे तुमच्या बॉसचा पण बचाव चालणार नाही. नुसता 'कन्सर्न' हे नाम आहे, त्याचा अर्थ काळजी, किंवा मग धंदा, फर्म. 'सिस्टर कन्सर्न' ही आपल्याकडची जोडकंपनी, आणि सीए मंडळींचा 'गोइंग कन्सर्न' म्हणजे पुढेही चालू राहणारा धंदा, ऑडिटच्या स्टँडर्डमध्ये एसए ५७० चं नावच ते आहे. तेव्हा 'युवर कन्सर्न विल कॉल यू' म्हणजे तुमची काळजी तुम्हाला फोन करेल, हे ऐकायला जरा भुताटकीचं वाटतं.

आणि काही लोक सुधारायला जाऊन 'द कन्सर्निंग डिपार्टमेंट' लिहितात. ते तर अजिबात नको. 'कन्सर्निंग' विशेषण म्हणून आलं की अर्थ होतो काळजी वाटायला लावणारं. 'द कन्सर्निंग पर्सन विल मीट यू ॲट द गेट' हे वाचून मी तरी गेटवर जाणार नाही. 'कन्सर्निंग युवर कंटेनर' असं सुरुवातीला, म्हणजे 'तुमच्या कंटेनरबाबत', ते ठीक, तिथे ते विशेषण नाहीये.

तर मग 'मॅनेजर कन्सर्न्ड' लिहायचं का? व्याकरणाने बरोबर, लंडनला समजेलही, पण मी तुम्हाला तेही सुचवणार नाही. माझं मत जरा वेगळं आहे. इतके ड्राफ्ट बघून मला असं दिसलंय की लोक 'कन्सर्न्ड' तेव्हा लिहितात जेव्हा तो माणूस कोण हे त्यांना माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं. 'कन्सर्न्ड डिपार्टमेंटला कळवलंय' हे वाक्य लिहायला काही माहिती लागत नाही. कुठल्या डिपार्टमेंटला? कुणाला? किती वाजता? समोरचा माणूस हेच विचारत असतो. कलीगचा 'मॅनेजर कन्सर्न्ड' हा व्याकरण दुरुस्त करतो पण ही पोकळी तशीच ठेवतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने महापालिकेला पत्र लिहिताना 'द कन्सर्न्ड ऑफिसर' असं वर टाकलं तर ते पत्र टेबलावरून टेबलावर फिरतं, आणि 'असिस्टंट इंजिनियर, वॉटर वर्क्स, जी नॉर्थ वॉर्ड' असं लिहिलं तर निदान कुठल्या टेबलावर पडायचं ते त्याला कळतं. म्हणून माझ्या क्लासमध्ये मी सांगते, 'कन्सर्न्ड' टाइप झाला की थांबा आणि तिथे हुद्दा लिहिता येतो का बघा. दहातल्या आठ वेळा येतो. नाहीच आला तर वस्तूंसाठी 'रेलेव्हंट' वापरा, 'द रेलेव्हंट डॉक्युमेंट्स'. माणसांसाठी 'द पर्सन इन चार्ज ऑफ' किंवा 'द टीम हँडलिंग युवर शिपमेंट'. 'रिस्पॉन्सिबल फॉर' पण चालतं, पण घोळ झालेला असताना जपून, ते दोष दिल्यासारखं वाजू शकतं.

याला अपवाद एकच, जिथे मुद्दामच कुणाचं नाव घ्यायचं नसतं. एचआरची चौकशी, पॉशची (कामाच्या जागी लैंगिक छळाची) तक्रार, डिसिप्लिनरी नोटीस, तिथे 'द एम्प्लॉयी कन्सर्न्ड' हाच शब्द हवा, कारण ओळख झाकायचीच आहे. तिथे मात्र तो मागेच राहू द्या, भारतातल्या भारतात असला तरी. पुढे घातला आणि उद्या ते प्रकरण कंपनीच्या परदेशी हेड ऑफिसला गेलं तर 'काळजीत असलेला कर्मचारी' आणि 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कर्मचारी' यात गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमचा मेल. क्लायंटला आज काय पाठवायचं, तर व्याकरणाची सफाई देत बसू नका, 'इन इंडिया वी से' वगैरे नको. सरळ लिहा, 'देअर इज नो न्यू प्रॉब्लेम. आय मेंट दॅट आवर डॉक्युमेंटेशन मॅनेजर इज हँडलिंग द शिपिंग बिल अमेंडमेंट. ही विल राइट टू यू बाय फोर पीएम टुडे, मुंबई टाइम.' बघा, तीन वाक्यांत त्याची भीती गेली, कोण बघतंय ते कळलं आणि कधी कळेल ते कळलं. 'रिव्हर्ट' मी काढून टाकलाय, ते प्रकरण वेगळं आहे, त्यावर कुणी विचारलं तर लिहीन. 'शॉर्टली' पण काढलाय, लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, तुमचं 'शॉर्टली' म्हणजे त्याची सकाळ की त्याची दुपार हे त्याने कसं ओळखायचं. फक्त चारची वेळ टाकायच्या आधी मॅनेजरला विचारून घ्या, नाहीतर सव्वाचारला तो खरंच कन्सर्न्ड मॅनेजर होईल.

बॉसला काय सांगायचं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला तो चुकला असं सांगू नका, कारण इथल्यापुरता तो चुकलेला नाही. त्याला एवढंच म्हणा की परदेशी क्लायंटच्या मेलमध्ये आपण हुद्दा लिहूया, म्हणजे उलटे प्रश्न येणार नाहीत. उलटा मेल कमी होतोय म्हटल्यावर कुठलाही बॉस हो म्हणतो. आणि तुमच्या टीमचा कॉमन टेम्प्लेट असेल, बहुतेक असतोच, तर त्यात 'कन्सर्न्ड' सर्च करून बघा, कारण तुम्ही एकट्याने सुधारून उपयोग नाही, तेच वाक्य बाकीचे आजही रॉटरडॅमला आणि हॅम्बुर्गला पाठवत असतील.